दप्तर ते डेटाबेस : खानदेशातील एका शिक्षणाची हकिकत



आपल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला एकदा हाती घेऊन नीट पाहावा. त्यावर जनरल रजिस्टरचा एक क्रमांक असतो. एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असू शकतात, त्यांच्या वडिलांची नावेही एकच असू शकतात. पण हा क्रमांक त्या शाळेत दोघांना कधीही मिळत नाही. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, दाखल तारीख व सोडल्याचे कारण ही सारी माहिती त्या एका क्रमांकाला बांधलेली असते. संगणकशास्त्राच्या वर्गात ज्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात ती हीच होय. विद्यापीठात वर्षभर शिकवल्या जाणाऱ्या डेटाबेस या विषयाचा पहिला धडा असा आपल्या शाळेच्या लोखंडी कपाटात पूर्वीपासून पडून आहे.

नोंद ठेवण्याची ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. मराठीतील दप्तर, दाखला, तारीख, हजेरी, जमा, वसूल, बाकी, नक्कल, मसुदा, अर्ज, सही हे शब्द फारसी-अरबीतून आले. राज्यकारभाराचे कागद ज्या भाषेत लिहिले गेले तिने हे शब्द गावच्या चावडीपर्यंत पोचवले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सुभ्यांचे महालवार तक्ते आहेत. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, फारुकी घराण्याची सत्ता संपली आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ म्हटले जाऊ लागले. त्याच नावाने आपला सुभा त्या ग्रंथात आढळतो. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले. त्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले व कागदांची ती दौलत तेथे सांभाळली गेली. ज्याला जुने दप्तर पाहायचे असेल त्याने धुळ्यास अवश्य जावे. रुमालात बांधलेल्या हजारो कागदांतून हवा तो एक कागद कसा काढायचा, हा प्रश्न तेथे गेल्यावर आपोआप मनात उभा राहतो.

नेमका हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यानंतर संगणकासमोरही उभा राहिला. यंत्रात माहिती भरता येत होती, पण ती बाहेर काढायची तर कोणती नोंद कोणत्या नोंदीला कोणत्या वाटेने जोडली आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला तोंडपाठ असावे लागे. वाट बदलली की प्रोग्राम निकामी. १९७० साली आय.बी.एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. ओळीत एक नोंद, रकान्यात एक गुण. मागणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कोठून व कसे आणायचे हे यंत्राने पाहावे. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी अशी मागणी करण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. गंमत अशी की, कल्पना आय.बी.एम.च्या घरची असूनही विकाऊ माल बाजारात आणण्यात दुसऱ्यांनी आघाडी घेतली. ओरॅकलचा असा डेटाबेस १९७९ साली विक्रीस आला. कॉडला १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्या वेळी आपल्याकडे काय होते? जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेशातील महाविद्यालये त्याला जोडली गेली आणि पुढील चाळीस वर्षे आपली पदवी, परीक्षा व निकाल पुण्याहून येत राहिले. जळगाव ते पुणे हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात बांधलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला होता. परंतु असे यंत्र खानदेशच्या विद्यार्थ्याला चित्रातच दिसावयाचे. १९७८ मध्ये तर आय.बी.एम.ने भारतातील आपला कारभार गुंडाळला. बँकांतून व कचेऱ्यांतून संगणकाला कर्मचारी संघटनांचा विरोध होता. यंत्र आले की माणूस घरी जाणार, ही भीती खोटी होती असेही म्हणता येणार नाही. १९८४ च्या नव्या धोरणाने आयात सोपी झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात रेल्वेचे आरक्षण संगणकावर येऊ लागले, तेव्हा कोठे सामान्य माणसाला या यंत्राचा उपयोग समजू लागला.

आरक्षणाचे उदाहरण येथे सोडून देण्यासारखे नाही, कारण या विषयातील सर्वांत सुंदर भाग त्यात आहे. एका गाडीत एकच जागा शिल्लक आहे. भुसावळच्या खिडकीवर एक जण आणि मुंबईच्या खिडकीवर दुसरा, दोघांनीही ती एकाच क्षणी मागितली. दोघांनाही ‘जागा आहे’ असे दिसले आणि दोघांनाही तिकीट मिळाले, तर गाडीत भांडण ठरलेलेच. म्हणून पहिली मागणी पुरी होईपर्यंत त्या नोंदीला कुलूप लावतात. पैसे घेतले, पण तिकीट छापण्यापूर्वी वीज गेली, तर काय करायचे? अशा वेळी व्यवहार एकतर संपूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच झाला नाही असे समजून मागे जावा. अर्धा राहता कामा नये. याला ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. या शास्त्राची मांडणी करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज आपण मोबाईलवरून किराणा दुकानदाराला पैसे पाठवतो, त्यामागे हेच कुलूप आणि हाच नियम आहे.

आता खानदेशाकडे वळू. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी संस्थांना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षी धुळ्यास आणि जळगावजवळ बांभोरी येथे अशी महाविद्यालये निघाली. देणगी आणि शुल्क यांवरून त्या धोरणावर पुष्कळ टीका झाली व ती योग्यच होती. तरीही अभियांत्रिकीचे शिक्षण प्रथमच गिरणेच्या व पांझरेच्या काठी आले, हेही तितकेच खरे. शिरपूरचे आर. सी. पटेल महाविद्यालय २००१ चे.

खरा बदल १५ ऑगस्ट १९९० रोजी झाला. त्या दिवशी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये पुण्यापासून सुटून त्याला जोडली गेली. (नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला.) विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणिताचे संशोधक. जळगावहून धुळ्याकडे जाताना गिरणेच्या पलीकडे टेकडीवर विद्यापीठाची वास्तू दिसते, ती आपल्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिली असेल. तेथे संगणकशास्त्राचा विभाग उभा राहिला, पदव्युत्तर वर्ग सुरू झाले आणि संलग्न महाविद्यालयांतूनही संगणकाचे अभ्यासक्रम येत गेले. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडच्या ओव्या घरच्या मुलांनी कागदावर टिपल्या म्हणून त्या उरल्या. टिपून ठेवण्याचे मोल सांगण्यास विद्यापीठाला याहून योग्य नाव सापडले नसते.

त्या पहिल्या दशकात संगणकाची प्रयोगशाळा म्हणजे शाळा-महाविद्यालयातील सर्वांत अदबीची जागा असे. चपला बाहेर काढायच्या, धूळ आत न्यायची नाही. एका यंत्रासमोर दोन-तीन विद्यार्थी, खिशात फ्लॉपी, आणि वीज गेली की सारेच संपले. डीबेस आणि फॉक्सप्रोवर तक्ते करायला शिकवत. पुढे ओरॅकल व एसक्यूएल आले. त्या काळी पुष्कळ पालकांना वाटे, व आजही वाटते, की संगणक शिकणे म्हणजे टंकलेखन व आज्ञा पाठ करणे होय. डीबेस गेले, फॉक्सप्रोही गेले. ज्यांनी केवळ आज्ञा पाठ केल्या होत्या त्यांचे शिक्षण त्यांच्याबरोबर गेले. ज्यांनी तक्ता कसा आखावा, एक माहिती दोनदा का लिहू नये, दोन तक्ते कशाने जोडावेत हे समजून घेतले त्यांना नवे साधन शिकायला फार काळ लागला नाही. कॉडचा निबंध पन्नास वर्षांहून जुना झाला, तरी अभ्यासक्रमातला तो भाग अजून जागचा हललेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, या विषयाच्या क्रमिक पुस्तकांवरील नावेही पाहावीत. जगभर वापरले जाणारे एक पुस्तक एल्मास्री व नवाथे यांचे. पहिली आवृत्ती १९८९ ची. एल्मास्री इजिप्तमधील अलेक्झांड्रिया विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले. शामकांत नवाथे हे मराठी नावाचे प्राध्यापक अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेत शिकवीत. दुसऱ्या तितक्याच मान्यवर पुस्तकाचे एक लेखक एस. सुदर्शन हे आपल्या पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक. म्हणजे ज्या पुस्तकांना आपली मुले ‘परदेशी’ म्हणून बिचकतात ती लिहिणाऱ्यांत आपल्याच देशाचे लोक आहेत. आपल्या सभांमधून अल-ख्वारिझ्मीचे नाव नेहमी घेतले जाते. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्या नावावरून आला हे खरे; परंतु नवव्या शतकातील बगदादचा अभिमान बाळगून जळगावच्या प्रयोगशाळेत खुर्ची मिळत नाही.

तक्ते झाले, आता ते एकमेकांशी बोलणार कसे? नेटवर्किंग हा दुसरा विषय तो हाच. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले आणि आजचे इंटरनेट त्यावर वाढले. भारतात १९८६ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी एर्नेटचे काम सुरू झाले. सामान्य जनतेसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले, तेही प्रथम महानगरांत. त्याआधी पंधराच दिवस, ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना देशातील पहिला मोबाईल फोन लावला होता. या दोन्ही गोष्टी आपल्या गावापर्यंत येण्यास आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीने नेटवर्किंगचे सात थर फळ्यावरील आकृतीतच पाहिले आणि परीक्षेत तसेच काढून दाखवले.

मोबाईल आला आणि विषयाला नवे वळण मिळाले. तोपर्यंत तक्ता एका जागी व मागणाराही एका जागी असे गृहीत धरले होते. आता मागणारा चालू लागला. तुम्ही जळगावहून धुळ्यास निघालात. एरंडोल, पारोळा मागे पडले, वाटेत कितीतरी मनोरे बदलले. तरीही घरून आलेला फोन तुमच्याच खिशात वाजतो. कसा? मोबाईलच्या व्यवस्थेत दोन प्रकारची रजिस्टरे असतात. एक घरचे, ज्यात ग्राहकाची कायम नोंद. दुसरे पाहुण्यांचे, ज्यात त्या भागात सध्या आलेल्यांची नोंद. नवीन भागात शिरताच तेथील पाहुण्यांच्या रजिस्टरात तुमचे नाव दाखल होते, घरच्या रजिस्टराला त्याची खबर जाते आणि मागील भागातील नाव खारीज होते. शाळेत दाखल-खारीज करतात तसेच, फक्त काही क्षणांत.

याहून अवघड प्रश्न संपर्क तुटल्यावर उभा राहतो. १९९२ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील किस्लर व सत्यनारायणन यांनी दाखवले की, लागणारी माहिती आधीच जवळ साठवून ठेवली तर जाळे तुटले तरी काम चालू राहते आणि जोडले गेल्यावर दोन्हीकडील नोंदींचा मेळ घालता येतो. दोन वर्षांनी इमिलिन्स्की व बद्रिनाथ यांनी फिरत्या संगणकांच्या माहितीपुढील अडचणींची मांडणी करणारा लेख लिहिला. ही कल्पना समजायला अमेरिकेस जावे लागत नाही. एस.टी.च्या वाहकाजवळचे तिकीटयंत्र कित्येक वर्षे असेच चालले. सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाईलला रेंज नसली तरी तिकीट निघे, नोंद यंत्रातच राही आणि आगारात आल्यावर हिशेब मोठ्या संगणकाला दिला जाई. पण समजा, एकच नोंद दोन फिरत्या यंत्रांवर दोन जणांनी वेगवेगळी बदलली, तर खरी कोणती मानावी? या एका प्रश्नावर विद्यापीठाच्या वर्गात तासन् तास चर्चा होते आणि झालीही पाहिजे.

पालकहो, आता आपल्या समाजाचे काय, ते पाहू. १९९० पूर्वी ज्याला हे शिकायचे त्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. मुंबईत भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेने समाजाच्या अनेक मुलांना तांत्रिक शिक्षण दिले. पण तेथे राहण्या-खाण्याचा खर्च खानदेशातील पिंजारी, खाटीक, मणियार, बागवान कुटुंबांना थोडाच झेपणार? आणि मुलीचा तर प्रश्नच निघत नसे. विद्यापीठ जवळ आल्याचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी निघून मगरिबपूर्वी घरी परतता येईल अशा अंतरावर जे शिक्षण असते, त्याला आजोबांचीही संमती मिळते. जळगावचे एच. जे. थीम महाविद्यालय याच विद्यापीठाच्या छत्राखाली आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या जामियाने तर मदरशाबरोबरच अभियांत्रिकीचे वर्गही काढले. तरीही गाडी फार पुढे गेली असे समजू नये. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवले की, देशातील वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर वा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते, तर एकूण लोकसंख्येत सुमारे सात टक्के.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले व एम.एस.-सी.आय.टी.चे वर्ग मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोचले. तो अभ्यासक्रम आपल्या जागी चांगला आहे. पण तो यंत्र वापरायला शिकवतो. तक्ता आखायला शिकवत नाही. आणि तक्ता आखणारा कोण, यावर किती अवलंबून असते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? आपल्याकडे रजिस्टरात नाव लिहिण्याची पद्धत अशी की, शेख हा शब्द मुलाच्या नावाआधी आणि वडिलांच्या नावाआधीही येतो. संगणकाच्या अर्जात मात्र तीन रकाने : पहिले नाव, मधले नाव, आडनाव. मग एका कागदावर शेख हे पहिले नाव होते, दुसऱ्यावर शेवटचे, तिसऱ्यावर दोन्हीकडे. यावल-रावेरकडील तडवी कुटुंबांत निराळा गोंधळ. त्यातच उर्दू दाखल्यावरचे नाव मराठीत येते आणि मराठीतून इंग्रजीत जाते. मराठीत ‘ज’ एकच, म्हणून जाकीर हे नाव कोठे ‘झेड’ने लिहिले जाते, कोठे ‘जे’ने. माणूस एक, पण यंत्राच्या लेखी दोन. शिष्यवृत्तीचा अर्ज, पारपत्र, बँकेचे खाते, सारे या एका अक्षरापाशी अडते आणि वडील प्रतिज्ञापत्रे करीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात.

हा कोणाचा दुष्टावा नव्हे. ज्याने तो तक्ता आखला त्याला अशी नावे असतात हे ठाऊकच नव्हते. कॉडच्या नियमाप्रमाणे एका रकान्यात एकच न फुटणारी गोष्ट असावी. पण नाव कोठे फुटते हे गणित सांगत नाही, गाव सांगते. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की दोघांच्या, हे ओळखण्याच्या पद्धती आज संशोधनाचा मोठा विषय आहे. उर्दू, मराठी व इंग्रजी या तिन्ही लिप्या वाचणारी जळगाव-धुळ्याची मुलगी या कामात दिल्ली-बंगळूरच्या पुष्कळांच्या पुढे असू शकते, कारण जाकीरची दोन रूपे तिने आपल्याच घरातील कागदांवर पाहिलेली असतात.

भाषेची भीती मात्र खरी आहे. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सहामाहीत इंग्रजी पुस्तकापुढे गप्प बसतो. त्याने रजिस्टर, कुलूप, चावी, दाखल-खारीज हे शब्द मनात धरून इंग्रजी परिच्छेद वाचावा. अर्थ पुष्कळ उलगडतो. शिक्षकांनीही वर्गात हे शब्द वापरायला लाजू नये.

प्रवेशाविषयी दोन शब्द. २०२०-२१ पासून एम.सी.ए. हा अभ्यासक्रम तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. २०२४-२५ पासून बी.सी.ए. हा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली, बी.एस्सी. संगणकशास्त्राचा प्रवेश त्या परीक्षेत येत नाही. अकरावीला गणित सोडण्यापूर्वी याची चौकशी महाविद्यालयात जाऊन करावी. आणि अर्ज भरताना मुलाचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर ज्या क्रमाने व ज्या अक्षरांनी छापले आहे, अगदी तसेच लिहावे.